परक्या देशातले बाळंतपण, दुभाष्याच्या खुर्चीवरून

प्रसूतिविभागासाठी दुभाषी म्हणून मी काही वर्षे काम करते आहे. बरेचसे काम फोनवरून चालते, कधी तपासणीच्या खोलीत प्रत्यक्ष बसावे लागते. देश सोडून आलेल्या, नव्या देशाची भाषा न येणाऱ्या किंवा अर्धीमुर्धी येणाऱ्या गरोदर बायका एका बाजूला आणि त्यांना तपासणारे डॉक्टर, सुईणी, परिचारिका दुसऱ्या बाजूला, अशा मधल्या जागेत बसल्यावर दोघांचेही बोलणे पुरते ऐकू येते. हे भाग्य त्या खोलीत आणखी कोणालाच नसते. कामाला गोपनीयतेचे बंधन असल्यामुळे इथे कोणा एकीची हकीकत मी सांगणार नाही. वारंवार समोर आलेल्या गोष्टी आणि या विषयावर झालेला अभ्यास, एवढ्याच आधाराने लिहिते आहे.

या बायकांच्या तक्रारी शांतपणे ऐकल्या, तर त्यांत वैद्यकीय कौशल्याबद्दल फारसे काही नसते. यंत्रसामग्री चांगली होती, स्वच्छता होती, डॉक्टर जाणकार होते, हे त्या आपण होऊन सांगतात. तक्रार असते ती ‘माझ्यासोबत काय चालले आहे हे मला कोणी सांगितलेच नाही’ अशी, किंवा ‘मी सांगत होते पण कोणी मनावर घेतले नाही’ अशी. अशी तक्रार बहुधा सौजन्याच्या खात्यात टाकली जाते: कर्मचाऱ्यांना थोडे गोड बोलायला शिकवले की झाले. माझे मत वेगळे आहे. ही तक्रार उपचाराबद्दलचीच आहे. गरोदरपणातल्या धोक्याच्या कितीतरी खुणा फक्त त्या बाईच्या सांगण्यातूनच कळतात. विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब वाढून होणाऱ्या विकारात डोके ठणकते, डोळ्यांपुढे ठिपके नाचतात, बरगड्यांखाली दुखते. पोटातल्या बाळाची हालचाल मंदावली तर ते सर्वांत आधी आईला जाणवते. हे सांगायला तिला शब्द सापडले नाहीत, किंवा सांगूनही ते समोरच्याच्या कानापर्यंत पोचले नाही, तर कमी पडतो तो थेट उपचार.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली गरोदरपणातल्या भेटींची शिफारस चारवरून किमान आठवर नेली आणि पहिली भेट बारा आठवड्यांच्या आत व्हावी असे सांगितले. स्थलांतरित स्त्रियांची ही पहिली भेटच अनेकदा उशिरा होते. कागदावर ‘उशिरा नाव नोंदवले’ एवढीच नोंद राहते, आणि पुढे ती फाइल उघडणाऱ्या प्रत्येकाच्या मनात एका निष्काळजी बाईचे चित्र उभे करते. उशिराची कारणे त्या नोंदीत नसतात. काही देशांत गरोदर बाईने आधी सुईणीकडे जायचे असते, काहींत घरच्या डॉक्टरकडे, काहींत थेट प्रसूतितज्ज्ञाकडे. नव्याने आलेल्या बाईला हे कोण सांगणार? भेटीची वेळ कळवणारे पत्र तिला न वाचता येणाऱ्या भाषेत येते. आश्रय मागणाऱ्या कुटुंबांना तर सरकार एका निवाऱ्यातून उचलून दुसऱ्या शहरातल्या निवाऱ्यात ठेवते, आणि जुन्या रुग्णालयातली फाइल मागेच राहते. नव्या जागी पुन्हा पहिल्यापासून प्रश्न, पुन्हा रक्ततपासणी, आणि पुन्हा तोच सवाल: इतके दिवस कुठे होतात?

भीती हे मात्र सर्वांत मोठे कारण असावे असे मला वाटते, आणि तिला भक्कम आधार आहे. जर्मनीत निवास कायद्याच्या ८७व्या कलमानुसार सरकारी कार्यालयांना कागदपत्रांविना राहणाऱ्यांची माहिती परदेशी नागरिकांच्या खात्याला कळवावी लागते. तातडीच्या उपचारांत रुग्णालयाची गोपनीयता टिकते, पण नियमित तपासण्यांच्या खर्चासाठी समाजकल्याण कार्यालयाची पायरी चढावी लागली की हे संरक्षण सुटते. इंग्लंडमध्ये २०१५च्या नियमांनुसार, ज्यांना मोफत सेवेचा हक्क नाही अशा स्त्रियांना बाळंतपणाचे बिल सरकारी दराच्या दीडपट लावले जाते. प्रसूतिसेवा नेहमीच तातडीची मानली जात असल्याने पैशांअभावी ती नाकारता येत नाही, पण बिल चुकत नाही. कॅनडाने २०१२ साली निर्वासितांच्या आरोग्यसेवेला मोठी कात्री लावली आणि न्यायालयाने ताशेरे ओढल्यानंतर, सरकार बदलल्यावर, २०१६ मध्ये ती पूर्ववत केली. मधल्या चार वर्षांत कोणाला काय मिळते याबद्दल डॉक्टरांचाही गोंधळ उडालेला होता. उलट बाजूची उदाहरणेही आहेत. इटलीच्या १९९८च्या कायद्याने रुग्णालयांना कागदपत्रे नसलेल्या रुग्णांची माहिती पोलिसांना देण्यास मनाई केली आणि गरोदर स्त्रीला बाळंतपणानंतर सहा महिन्यांपर्यंत देशाबाहेर काढता येणार नाही असे ठरवले. स्वीडनने २०१३ पासून कागदपत्रे नसलेल्यांनाही प्रसूतिसेवेचा हक्क दिला.

हे कायदे डॉक्टरांनी किंवा सुईणींनी केलेले नसतात. तरी गरोदर बाईसाठी कायद्याचा चेहरा त्यांचाच असतो, कारण रक्तदाब मोजणारा हात आणि कागद मागणारा हात एकाच इमारतीत, कधीकधी एकाच टेबलाशी असतात. पहिल्या भेटीत विचारला जाणारा ‘तुम्ही या देशात केव्हा आलात?’ हा प्रश्नच घ्या. सुईण तो क्षयरोगासारख्या संसर्गाची तपासणी करायची का, हे ठरवण्यासाठी विचारते. कुटुंबाचे मूळ कोणत्या प्रदेशातले, हे थॅलेसिमिया आणि सिकलसेल या रक्ताच्या विकारांसाठी. नवऱ्याशी रक्ताचे नाते आहे का, हे काही आनुवंशिक विकारांसाठी. समोरच्या बाईला मात्र पहिला प्रश्न विमानतळावरच्या अधिकाऱ्याचा वाटतो, दुसरा वंशाबद्दलचा आणि तिसरा सरळसरळ अपमानाचा. मी ऐकलेल्या चांगल्या सुईणी प्रश्नाच्या आधी एक वाक्य जोडतात: हे मी सगळ्यांना विचारते, आणि याचा उपयोग बाळाच्या तपासण्या ठरवण्यासाठी होतो, तुमच्या कागदपत्रांशी याचा संबंध नाही. एवढ्या एका वाक्याने उत्तरांचा सूरच बदलतो, हे मी फोनवरूनही ओळखू शकते.

आता दुभाष्याबद्दल, म्हणजे खरे तर दुभाषी नसण्याबद्दल. जिथे दुभाषी मिळण्याची सोय आहे तिथेही तो प्रत्येक वेळी बोलावला जात नाही. ‘हिला थोडेफार कळते’, ‘नवरा आहे ना सोबत’, ‘आज नुसता रक्तदाबच पाहायचा आहे’ ही त्याची नेहमीची कारणे. नेदरलँड्सने २०१२ साली आरोग्यसेवेतल्या दुभाष्यांचा सरकारी खर्च बंद केला, त्यामागची धारणा अशी की भाषा शिकणे ही ज्याची त्याची जबाबदारी आहे. तत्त्व म्हणून ते कोणाला पटेलही. पण सातव्या महिन्यात आलेल्या बाईने नवव्या महिन्यापर्यंत ‘माझे पाणी गेले, पण ते हिरवट दिसते आहे’ एवढे सांगण्याइतकी भाषा शिकावी, ही अपेक्षा कुठल्या हिशेबात बसते ते मला समजलेले नाही.

नवऱ्याला दुभाषी करणे हा सर्वांत सोपा आणि सर्वांत महागात पडणारा मार्ग आहे. नवरे बेजबाबदार असतात असे मला म्हणायचे नाही. बहुतेक जण मनापासून मदत करतात, आणि त्यातच अडचण आहे. बायकोने घाबरू नये म्हणून ते वाईट शक्यता गाळतात, डॉक्टरांचा वेळ जाऊ नये म्हणून तिचे प्रश्न गाळतात, आणि जे स्वतःलाच समजले नाही ते अर्थातच सांगत नाहीत. ग्लेन फ्लोरेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली अमेरिकेत बालरोगतज्ज्ञांच्या भेटींचे ध्वनिमुद्रण तपासून दुभाष्यांच्या चुका मोजल्या होत्या. एका भेटीत सरासरी ३१ चुका निघाल्या, सर्वांत जास्त चुका गाळण्याच्या होत्या, आणि उपचारावर परिणाम करू शकतील अशा चुकांचे प्रमाण प्रशिक्षित दुभाष्यांपेक्षा हाती लागलेल्या दुभाष्यांमध्ये अधिक होते. प्रशिक्षितांच्याही चुका होतात, हे त्या अभ्यासातले दुसरे सत्य आम्ही दुभाष्यांनी विसरू नये.

शिवाय काही प्रश्न नवऱ्यादेखत विचारताच येत नाहीत. घरी मारहाण होते का, हा प्रश्न गरोदर बाईला एकटीला गाठून विचारावा असा अनेक देशांतला नियम आहे. नवराच दुभाषी असेल तर तो प्रश्न विचारला जात नाही, आणि रकान्यात ‘विचारण्याची संधी मिळाली नाही’ असे लिहिले जाते. ती संधी बाळंतपणापर्यंत मिळतच नाही, अशाही फाइली असतात. आधीचा गर्भपात, आधीचे मूल, लैंगिक संसर्ग, यांचीही तीच गत. मुलांना दुभाषी करणे तर त्याहून अवघड. अमेरिकेत २०१६च्या नियमांनी आणीबाणी वगळता अल्पवयीन मुलांकडून हे काम करून घेण्यास बंदी घातली. इतरत्र शाळेतली पोर आईच्या रक्तस्रावाबद्दलचे प्रश्न आईला विचारते आहे, हे दृश्य अजून दुर्मीळ झालेले नाही.

दुभाषी मिळाला म्हणजे सगळे सुरळीत होते असेही नाही. अरबी म्हणून मागवलेला दुभाषी इराकचा आणि बाई मोरोक्कोची असेल तर दोघेही अवघडतात. कुर्दी भाषेची कुर्मांजी बोली बोलणाऱ्या बाईसमोर सोरानी बोलीचा दुभाषी आला तर भेट जवळजवळ वायाच जाते. परगावी आपल्या भाषेचे लोक थोडे असतात, सगळे एकमेकांना ओळखतात, आणि समोर बसलेली दुभाषी उद्या कोणाच्या तरी घरी भेटेल या धास्तीने बाई गप्प बसते. म्हणून पुष्कळ जणींना नाव न सांगणारा फोनवरचा आवाज जास्त सोयीचा वाटतो. आणि तपासणारा मनुष्य कसा बोलतो यावर तर फारच अवलंबून असते. ‘तिला विचारा, तिला कळा केव्हापासून येताहेत’ असे माझ्याकडे तोंड करून म्हणणारे डॉक्टर आणि बाईच्या डोळ्यांत पाहून ‘तुम्हाला कळा केव्हापासून येताहेत?’ असे विचारून थांबणारे डॉक्टर, यांना मिळणारी उत्तरे सारखी नसतात. पहिल्या प्रकारात बाई मला उत्तर देते, थोडक्यात आणि संकोचून. दुसऱ्या प्रकारात ती डॉक्टरांशी बोलते.

‘समजले ना?’ या प्रश्नाला या बायका मान हलवतात. मोठ्या माणसापुढे, शिकलेल्या माणसापुढे, घाईत असलेल्या माणसापुढे ‘नाही समजले’ म्हणणे त्यांना उद्धटपणाचे वाटते, शिवाय आपण अडाणी ठरू याची लाज असते. फाइलमध्ये मात्र ‘माहिती दिली, रुग्णाची संमती आहे’ असे नोंदले जाते. यावरचा उपाय जुना आणि सोपा आहे: तुम्ही घरी गेल्यावर काय करणार आहात ते मला एकदा सांगा, मी नीट सांगितले का ते मला पाहायचे आहे, असे म्हणायचे. परीक्षा बाईची नाही, सांगणाऱ्याची आहे, हे त्यातून कळते. हे करायला दोन मिनिटे जास्त लागतात, आणि दुभाष्यामुळे आधीच दुप्पट लांबलेल्या भेटीत ती मिळत नाहीत. भेटीची वेळ मात्र भाषा येणाऱ्या आणि न येणाऱ्या बाईला सारखीच दिलेली असते, म्हणून कर्मचाऱ्यांवर सगळा दोष टाकणे मला योग्य वाटत नाही. ज्या सुईणीच्या दारात आणखी आठ जणी बसल्या आहेत, तिच्या आवाजातली घाई हा तिचा स्वभाव नसतो.

प्रसूतिकक्षात हे सगळे अधिक तीव्र होते. तपासण्यांसाठी दुभाष्याची वेळ आधी ठरवता येते, कळांची वेळ कोणी ठरवायची? रात्री फोन येतो, तो पलंगावर कुठेतरी ठेवलेला असतो, यंत्राचा आवाज, कळेचे ओरडणे आणि तीन माणसांचे बोलणे यांतून मला एकेक वाक्य वेचावे लागते. तरीही फोन येतो ही चांगली गोष्ट. अनेकदा तो येतच नाही. आतली तपासणी, पाण्याची पिशवी फोडणे, कळा वाढवण्याचे औषध सुरू करणे, छेद घेणे, यांतले प्रत्येक काम करण्याआधी विचारायचे असते. आणीबाणीत वेळ नसतो हे मान्य, पण बाळंतपणाच्या अनेक तासांतले आणीबाणीचे क्षण थोडे असतात, आणि न विचारता झालेल्या गोष्टी मात्र सगळ्या तासांत पसरलेल्या असतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ साली रुग्णालयातल्या बाळंतपणात होणाऱ्या अनादराविरुद्ध निवेदन काढले, त्यात मारहाण आणि शिवीगाळ यांच्या बरोबरीने संमतीविना केलेल्या प्रक्रियांचा उल्लेख होता. आपण कोणाला मारत नाही, म्हणजे हे निवेदन आपल्याला लागू नाही, अशी समजूत संपन्न देशांतल्या प्रसूतिकक्षांत सहज होते.

सिझेरियनबद्दलचा बेबनाव हा याचाच एक भाग आहे. सोमालियातून युरोपात आलेल्या स्त्रियांशी झालेल्या मुलाखतींत सिझेरियन म्हणजे मरण ही भीती पुन्हा पुन्हा आढळली आहे. डॉक्टरांच्या दृष्टीने हे अज्ञान. पण जिथे सिझेरियनची सोय दूर असते आणि बाई अगदी शेवटच्या घटकेला तिथे पोचते, तिथे शस्त्रक्रियेनंतर बायका दगावताना खरोखरच पाहिलेल्या असतात. तिचा निष्कर्ष तिच्या अनुभवाशी सुसंगत असतो. ती नकार देते, तर ‘सहकार्य करत नाही’ असा शेरा बसतो. याउलट ब्राझीलसारख्या देशातून, जिथे निम्म्याहून अधिक बाळंतपणे सिझेरियनने होतात, आलेल्या बाईला सुईणीच्या हातचे बाळंतपण म्हणजे हेळसांड वाटते: डॉक्टर एकदाही आले नाहीत, सोनोग्राफी दोनदाच केली, मला घरी परत पाठवले. दोघींनाही नव्या देशाची पद्धत आधी, निवांतपणे, दुभाष्यासह समजावून सांगितली असती तर त्या सुईणीची रात्र सोपी गेली असती. सिझेरियनची वेळ आलीच तर काय होईल, ही चर्चा आठव्या महिन्यात करायची असते. शस्त्रक्रियेच्या खोलीकडे धावणाऱ्या पलंगाशेजारी नव्हे.

आणि वेदना. इथे व्यवस्थेच्या दोन उलट्या चुका मला दिसतात आणि दोन्हींचे मूळ एकच असावे. काही बायका कळा गप्प राहून सोसतात, कारण ओरडणे त्यांना लाजिरवाणे वाटते. त्यांच्याबद्दल ‘अजून वेळ आहे, फार दुखत नाहीये’ असा अंदाज बांधला जातो आणि मूल दारात येईपर्यंत कोणी फिरकत नाही. काही बायका मोठ्याने रडतात, देवाचा धावा करतात. त्यांच्याबद्दल ‘या लोकांचे असेच असते’ म्हणून दुर्लक्ष होते. फ्रान्समध्ये या दुसऱ्या पूर्वग्रहाला वैद्यकीय बोलीत ‘भूमध्यसागरी लक्षणसमूह’ असे नावच पडले आहे, म्हणजे दक्षिणेकडून आलेले रुग्ण दुखणे फुगवून सांगतात असा समज. तपासणाऱ्याने स्वतःच्या ओळखीच्या बायका जितका आवाज करतात तो मापदंड धरलेला असतो, आणि त्याच्या खाली किंवा वर गेलेली प्रत्येक बाई चुकीची वाचली जाते. ‘किती दुखते?’ असे विचारणे, आणि आलेले उत्तर खरे मानणे, याला पर्याय नाही.

याचे परिणाम किती दूर जातात हे मोजणे कठीण आहे, कारण बहुतेक आकडेवारी स्थलांतरानुसार ठेवलेली नसते. ब्रिटनमध्ये मातामृत्यूंची गोपनीय चौकशी अनेक दशके चालते. तिच्या अलीकडच्या अहवालांत कृष्णवर्णीय स्त्रियांचे मृत्यूचे प्रमाण गोऱ्या स्त्रियांच्या सुमारे दोन ते चारपट आणि आशियाई स्त्रियांचे त्यापेक्षा कमी, पण गोऱ्या स्त्रियांहून जास्त दिसले आहे. हे आकडे वंशाचे आहेत, स्थलांतराचे नाहीत. त्यांतल्या कित्येक जणी त्याच देशात जन्मलेल्या आणि तीच भाषा बोलणाऱ्या असतात. म्हणूनच ते मला अधिक अस्वस्थ करतात. भाषा हाच सगळा प्रश्न असता तर या स्त्रियांना त्रास व्हायला नको होता.

लहानपणी जननेंद्रियाची कापाकापी झालेल्या स्त्रियांचा अनुभव स्वतंत्र लेखाचा विषय आहे, पण त्यातली एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. जागतिक आरोग्य संघटना या प्रथेचे चार प्रकार मानते. त्यांतल्या तिसऱ्या प्रकारात योनिमार्ग जवळजवळ शिवून बंद केलेला असतो आणि बाळंतपणाआधी किंवा बाळंतपणात तो मोकळा करावा लागतो. ही गोष्ट पहिल्या भेटीत संयमाने विचारली तर नियोजन करता येते. प्रत्यक्षात अनेक सुईणी संकोचाने विचारत नाहीत, बाई संकोचाने सांगत नाही, आणि तपासणीच्या वेळी समोरच्याच्या चेहऱ्यावर उमटलेला धक्का ती बाई आयुष्यभर विसरत नाही. ‘बघा’ म्हणून दुसऱ्या विद्यार्थ्यांना बोलावले गेल्याचे अनुभवही अभ्यासांतून नोंदले गेले आहेत.

अशा अडचणींवर रुग्णालये बहुधा ‘सांस्कृतिक प्रशिक्षण’ देतात. अमुक देशातल्या बायकांना पुरुष डॉक्टर चालत नाहीत, तमुक धर्माच्या बायका असे करतात, अशी यादी हातात येते. हेतू चांगला असला तरी मला या याद्यांचा फार उपयोग दिसलेला नाही. एकाच देशातून आलेल्या प्राध्यापिकेला आणि शेतमजूर बाईला ती यादी सारखीच लागू केली जाते, आणि यादीमुळे विचारायचे राहून जाते. एकीला पुरुष डॉक्टर नको असेल, दुसरीला वेळेवर भूल देणारा कोणीही चालेल. विचारल्याशिवाय कसे कळणार? आणखी एक समज असा की आपल्याच देशाचा डॉक्टर किंवा परिचारिका मिळाली की प्रश्न मिटतो. कधी मिटतो, आणि त्या बाईच्या आवाजातली सुटकेची भावना ऐकण्यासारखी असते. कधी मात्र नेमके उलट होते: परक्या सुईणीने कधी केला नसता असा दरडावणीचा सूर आपली माणसे लावतात, इतकी मुले कशाला, शिकायला काय झाले होते, हे आपल्या भाषेत जास्त लागते. वर्ग आणि शिक्षण यांची दरी देशाबरोबर मागे राहत नाही.

चांगले अनुभव कशाने घडतात, याबद्दल अभ्यास आणि माझे कान यांच्यात बऱ्यापैकी एकमत आहे. प्रत्येक भेटीत तीच सुईण असणे हे त्यांत सर्वांत वर येते. दर वेळी नव्या माणसाला आपली कहाणी पहिल्यापासून सांगणे जिला भाषा येते तिलाही जड जाते; गमावलेल्या मुलाबद्दल किंवा वाटेत झालेल्या अत्याचाराबद्दल असेल तर बाई एकदा सांगते, दुसऱ्यांदा टाळते. दुसरी गोष्ट म्हणजे बाळंतपणात सोबत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८च्या मार्गदर्शनात प्रत्येक स्त्रीला तिच्या पसंतीची सोबत मिळावी असे म्हटले आहे, आणि सतत सोबत असलेल्या बायकांची नैसर्गिक प्रसूती अधिक प्रमाणात होते, सिझेरियन कमी होतात, हे अनेक देशांतल्या चाचण्या एकत्र करून दिसले आहे. परदेशात आई, बहीण, मावशी कोणीच जवळ नसते. स्वीडनमध्ये गोथेनबर्ग इथे स्थलांतरित स्त्रियांनाच प्रशिक्षण देऊन त्यांच्या भाषेच्या गरोदर बायकांसोबत पाठवण्याचा उपक्रम सुरू झाला, तो पुढे इतर शहरांतही गेला. अशी सोबत लाभलेल्या बायका तिच्याबद्दल फार आपुलकीने बोलतात. स्टॉकहोममध्ये झालेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मात्र अशी द्वैभाषिक सोबत मिळालेल्या आणि न मिळालेल्या गटांत प्रसूतिसेवेबद्दलच्या मतांत मोजण्याजोगा फरक आढळला नाही. मला तो निकाल खोटा वाटत नाही. सोबतीण कितीही चांगली असली, तरी संमती घेणे हे तिचे काम नाही; ते डॉक्टर आणि सुईणीचेच राहते, आणि ते त्यांनी केले नाही तर सोबतीण फक्त साक्षीदार ठरते.

बाळंतपणानंतर व्यवस्थेचे लक्ष झपाट्याने बाळाकडे वळते. बाळाचे वजन, दूध, लस यांची चौकशी होते. आईच्या मनाची चौकशी एका प्रश्नावलीने होते. १९८७ साली तयार झालेली, बाळंतपणानंतरचे नैराश्य ओळखणारी एडिंबराची दहा प्रश्नांची मापनपट्टी अनेक भाषांत उपलब्ध आहे, पण तिची छापील प्रत वेळेवर सापडत नाही, आणि मग ‘स्वतःला इजा करण्याचा विचार मनात आला का’ हा दहावा प्रश्न नवऱ्याच्या तोंडून, नातेवाइकांनी भरलेल्या खोलीत विचारला जातो. उत्तर काय येणार हे ठरलेलेच असते. एकटेपणा, निवासाच्या अर्जाची टांगती तलवार, दुसऱ्या देशात राहिलेली मोठी मुले, यांचा त्या दहा प्रश्नांत कुठे उल्लेख नाही, आणि असायलाही नको. त्यासाठी कोणीतरी पट्टी बाजूला ठेवून विचारावे लागते.

रुग्णालये या सेवेचे मूल्यमापन समाधानाच्या प्रश्नावल्यांवर करतात. त्या प्रश्नावल्या स्थानिक भाषेत घरी पाठवल्या जातात, भरून आल्या तर मोजल्या जातात. ज्यांना भाषा येत नाही, ज्यांचा पत्ता दर काही महिन्यांनी बदलतो, त्यांचे मत त्यांत येतच नाही. संशोधनातही भाषा न येणाऱ्या स्त्रियांना अनेकदा सुरुवातीलाच वगळले जाते, कारण भाषांतराचा खर्च अनुदानात धरलेला नसतो. त्यामुळे समाधानाचे आकडे चांगले दिसतात आणि दुभाष्यांवरचा खर्च कमी करण्याच्या बैठकीत तेच आकडे पुढे ठेवले जातात.

काही रुग्णालयांत बाळंतपणानंतर काही आठवड्यांनी आईला बोलावून, फाइल उघडून, त्या दिवशी काय काय झाले ते समजावून सांगायची पद्धत आहे. मी अशा थोड्याच भेटींना बसले आहे, कारण या भेटीसाठी दुभाषी मागवावा हे क्वचितच कोणाला सुचते. तिथे बायका जे विचारतात ते सगळे तपशिलाचे असते. बाळ जन्मल्या जन्मल्या त्याला कुठे नेले होते? अचानक खोलीत एवढी माणसे का आली? टाके किती, कशासाठी? माझे काही चुकले होते का? पुढच्या वेळीही कापावेच लागेल का? यांतल्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे फाइलमध्ये वेळेसकट लिहिलेली असतात, आणि सुईण ती पान उलटून वाचून दाखवते.